लोबेराने आधी कोणाला घेतलं? मुंबई सिटीचा २०२०-२१ हंगाम आणि नेरूळमधली एक निवड समिती

९ मार्च २०१९ ला अंधेरीच्या मुंबई फुटबॉल अरेनावर आयएसएलच्या (इंडियन सुपर लीग) उपांत्य फेरीचा पहिला सामना झाला. एफसी गोवाने मुंबई सिटीला त्यांच्याच घरी येऊन ५-१ असं झोडपलं. गोव्याचे कोच होते स्पेनचे सर्जिओ लोबेरा. दीड वर्षाने, ऑक्टोबर २०२० मध्ये, हेच लोबेरा मुंबई सिटीचे मुख्य कोच झाले. गोव्याच्या त्या संघातले चार जणही त्याच हंगामासाठी मुंबईकडे आले: मधल्या फळीतला अहमद जाहू, सेंटर-बॅक (मधला बचावपटू) मुर्तदा फॉल, स्ट्रायकरच्या मागे खेळणारा ह्यूगो बूमूस आणि लेफ्ट-बॅक (डाव्या कडेचा बचावपटू) मंदार राव देसाई. मार्च २०२१ संपायच्या आत मुंबईकडे लीग शील्ड (साखळीत पहिल्या आलेल्या संघाची) आणि चषक (अंतिम सामना जिंकणाऱ्याचा) दोन्ही होते.

हे टिपण मुळात नेरूळमधल्या आमच्या क्लबच्या निवड समितीसाठी तयार केलं. आमच्याकडे नवे कोच आले आणि पहिल्याच बैठकीत त्यांनी चार नावांचा कागद पुढे सरकवला. चारपैकी तिघं त्यांच्या जुन्या संघातली. शिवाय त्यात एकही स्ट्रायकर नव्हता, आणि आम्ही मागच्या हंगामात गोल होत नाहीत म्हणून रडत होतो. आमचे खजिनदार काका सरळ म्हणाले, "सर, गोल कोण मारणार ते आधी सांगा. बाकीचं मग बघू." सर म्हणाले, "काका, तुमच्या स्ट्रायकरला मागच्या वर्षी सामन्यात किती चेंडू मिळाले, ते कोणी मोजलंय का?" कोणीच मोजलं नव्हतं. वशिलेबाजी हा शब्द उच्चारला गेला नाही, पण खोलीत तो होता. म्हणून ठरलं की याच प्रश्नाचं मोठं, उघड्यावर घडलेलं उदाहरण घेऊन बसायचं. मुंबई सिटीइतकं जवळचं दुसरं नव्हतं.

नेरूळची आठवण

जवळचं म्हणायला कारण आहे. पहिली दोन वर्षं, २०१४ आणि २०१५, मुंबई सिटीचं घर नेरूळचं डी. वाय. पाटील स्टेडियम होतं. तेव्हाची खरेदी नावांवर होती. फ्रेडी ल्युंगबर्ग, निकोला अनेल्का, कोच पीटर रीड. घरच्या पहिल्या सामन्यात पुण्याला ५-० हरवलं, आंद्रे मोरित्झने हॅटट्रिक केली आणि स्टेडियम दणाणलं. हंगाम संपला तेव्हा आठ संघांत सातवा नंबर. पुढच्या वर्षी अनेल्का खेळाडूही आणि मॅनेजरही, आणि लिलावात १ कोटी २० लाखांना घेतलेला सुनील छेत्री. छेत्रीने याच मैदानावर नॉर्थईस्ट युनायटेडविरुद्ध हॅटट्रिक केली, आयएसएलमध्ये भारतीयाची पहिली. संघ सहावा.

त्या संघांत चांगले खेळाडू नव्हते असं कोणी म्हणणार नाही. पण चेंडू जिंकल्यावर पहिला पास कोणाकडे जाणार, हे दर सामन्यात नव्याने ठरल्यासारखं दिसायचं. ल्युंगबर्ग तर फारसा खेळलाच नाही. तिकीट खपवण्यासाठी घेतलेला खेळाडू आणि खेळ उभा करण्यासाठी घेतलेला खेळाडू यातला फरक नवी मुंबईकरांनी गॅलरीतून फुकट शिकला, असं माझं मत आहे. (फुकट म्हणजे तिकीट काढूनच, तसं बघितलं तर.)

पुढे क्लब अंधेरीला गेला. २०१८ ला पोर्तुगालचे जॉर्ज कोस्टा आले. त्यांचा संघ मागे घट्ट उभा राहायचा आणि चेंडू हाती आला की झटक्यात पुढे धावायचा. त्या पद्धतीला मोदू सोगू अगदी चपखल होता. २०१८-१९ मध्ये त्याने १२ गोल केले. दुसऱ्या वर्षी मुंबई पाचवी आली, प्लेऑफ (पहिल्या चार संघांची बाद फेरी) हुकला आणि कोस्टा गेले. दरम्यान नोव्हेंबर २०१९ मध्ये सिटी फुटबॉल ग्रुपने क्लबचे ६५ टक्के शेअर घेतले होते. मँचेस्टर सिटीचे मालक. चेंडू आपल्याकडे ठेवून खेळायचं, ही त्या ग्रुपची ओळख. म्हणजे कोच शोधायच्या आधीच शैली ठरलेली होती. ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरते.

पाच आठवडे

लोबेरा बार्सिलोनाच्या वातावरणात वाढलेले. तिथे टीटो विलानोव्हांच्या मदतनिसांमध्ये होते. गोव्यात २०१७ ला आले आणि पहिल्याच हंगामात साखळीत गोव्याने १८ सामन्यांत ४२ गोल केले. २०२० च्या जानेवारीअखेर गोव्याने त्यांना काढलं, तेव्हा संघ तक्त्यात वर होता. त्याच संघाने पुढे साखळी जिंकून शील्ड घेतली.

मुंबईत त्यांच्या नावाची घोषणा ऑक्टोबरच्या मध्यात झाली. हंगाम सुरू होणार होता २० नोव्हेंबरला. कोविडमुळे सगळे सामने गोव्यात, बंद दाराआड. हातात जेमतेम पाच आठवडे, त्यात विलगीकरण, त्यात नवा संघ.

आता त्यांची पद्धत पाहा. गोलकीपर लांब किक मारत नाही, जवळच्या सेंटर-बॅकला देतो. दोन्ही फुल-बॅक (कडेचे बचावपटू) वर सरकतात. मधल्या फळीतला एक जण मागे येऊन सेंटर-बॅकच्या ओळीत उभा राहतो आणि तिथून खेळ सुरू करतो. समोरचे दाबायला आले की त्यांच्या पाठीमागे जागा मोकळी होते आणि चेंडू तिथे जातो. कागदावर हे चार ओळींचं आहे. मैदानावर मात्र प्रत्येकाला दुसरा कुठे असेल हे न बघता ठाऊक असावं लागतं. ते अंगवळणी पडायला महिने जातात, आणि चुकलं की थेट गोल बसतो.

लोबेरांकडे महिने नव्हते. म्हणून त्यांनी हे सगळं आधीच अंगवळणी पडलेली माणसं घेतली. या चौघांची खरेदी मला तरी प्रतिभेची वाटत नाही. ती सरावाच्या महिन्यांची खरेदी होती. वयं पाहिली की हे पटतं. जाहू बत्तिशीचा, फॉल त्याहून थोडा मोठा. उद्या विकून पैसे करावेत असे हे खेळाडू नव्हेत. पण पहिल्या सरावाला उभं राहून "मी मागे येतो, तू वर जा" हे त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती.

आणि ही ओळख गोव्यातही सुरू झालेली नव्हती. लोबेरांनी त्याआधी मोरोक्कोतल्या मोगरेब तेतुआनला प्रशिक्षण दिलं होतं. जाहू, फॉल, बूमूस हे तिघेही कधी ना कधी त्याच क्लबकडून खेळलेले. आमच्या खजिनदार काकांना वशिला दिसेल तो इथेच. तो होताही, नाकारण्यात अर्थ नाही. प्रश्न एवढाच की तो कोणत्या जागांसाठी वापरला गेला.

जाहूची जागा

ट्रान्स-हार्बर लोकलवाल्याला ठाणे स्टेशन जसं, तसा त्या संघाला जाहू होता: कुठूनही कुठेही जायचं असलं तरी त्याच्यावरून जावं लागायचं. मागे येणारा तो मधला खेळाडू म्हणजे हाच. डावीकडे उभं राहून उजव्या विंगरच्या (कडेने चढाई करणाऱ्याच्या) पायात पडेल असा लांब पास, कॉर्नर, फ्री-किक, सगळं त्याच्याकडे. वेगवान मुळीच नाही. तुम्ही नुसता धावण्याचा वेग, उडी आणि टॅकल मोजून खेळाडू निवडत असाल तर जाहू तुमच्या यादीत कधीच येणार नाही.

बाकीच्या तिघांचं महत्त्व त्याच्याशी जोडलेलं आहे. फॉल हवेतला चेंडू सोडत नाही आणि पायाखालचा चेंडू घाबरून उडवत नाही. जाहूच्या फ्री-किकवर डोकं लावायला पुढेही तोच जातो. बचावपटू असून आयएसएलमध्ये त्याच्याइतके गोल कोणाचे नाहीत. बूमूस हा जाहूचा पास दोन ओळींच्या मध्ये घेऊन वळणारा. २०१९-२० मध्ये त्याने गोव्यासाठी ११ गोल केले आणि १० गोलांसाठी पास दिले, लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. मंदारची गोष्ट मला सर्वांत बोलकी वाटते. तो मूळचा डावा विंगर. गोव्यात लोबेरांनी त्याला लेफ्ट-बॅक केलं, कारण त्यांच्या पद्धतीत फुल-बॅक अर्धा वेळ विंगरच असतो. दुसऱ्या कोणा कोचने त्याला लेफ्ट-बॅक म्हणून पैसे मोजले असते का, मला शंका आहे.

याच विचाराचा आणखी एक पुरावा: स्पोर्टिंग गिहोनकडून आलेला एर्नान सांताना. मधल्या फळीतला माणूस, पण त्या हंगामात फॉलच्या शेजारी सेंटर-बॅक म्हणून वारंवार खेळला. कडवा बचावपटू शोधून त्याला पास शिकवण्यापेक्षा पास येणाऱ्याला मागे उभं करणं लोबेरांना सोपं वाटलं.

परदेशी खेळाडूंचा हिशेब

इथे नियमांनी खेळ आणखी रंगवला. त्या हंगामात प्रत्येक संघाला जास्तीत जास्त सात परदेशी घेता येत होते आणि मैदानात एका वेळी पाच. मुंबईचे सात: फॉल, सांताना, जाहू, बूमूस, स्ट्रायकर बार्थोलोम्यू ओगबेचे आणि ॲडम ले फाँड्रे, शिवाय साय गोडार्ड.

पाच जागा मांडून बघा. मागून खेळ उभारायला फॉल आणि सांताना, मध्ये जाहू, त्यापुढे बूमूस. चार गेल्या. स्ट्रायकरसाठी उरली एक. म्हणून ओगबेचे आणि ले फाँड्रे यांच्यापैकी एकाला बऱ्याचदा बाकावर बसावं लागलं, आणि तरी ले फाँड्रेने ११ आणि ओगबेचेने ८ गोल केले. दोन्ही विंगला परदेशी ठेवायला जागाच नाही. म्हणजे तिथे भारतीय हवेत, आणि ते आधीपासून क्लबमध्ये होते.

बिपिन सिंग २०१८ पासून मुंबईत होता. कोस्टांच्या काळात तो गुणी पण आत-बाहेर होणारा खेळाडू. नव्या पद्धतीत डाव्या कडेला एकास एक चेंडू मिळायला लागला आणि ओडिशाविरुद्धच्या ६-१ विजयात त्याने हॅटट्रिक केली. रोलिन बोर्जेस आणि रेनियर फर्नांडिस हेही जुनेच. कप्तान आणि गोलकीपर अमरिंदर सिंगही. उजव्या बाजूला मुंबईचा तरुण अमेय रानवडे. जुन्यांवर त्या वर्षी वेगळी बोली लागली नव्हती. कण्यात, म्हणजे जिथून खेळ उभा राहतो त्या जागांवर, बसवलेल्या चौघांमुळे ते मोठे दिसले, असं म्हणणं थोडं अन्यायाचं होईल; पण त्यांच्याकडे चेंडू वेळेवर आणि मोकळ्या जागेत यायला लागला, हे निश्चित.

तुलनेला दुसरं टोक समोरच होतं. कोच अंतोनियो हबास यांचा एटीके मोहन बागान. त्यांनी संदेश झिंगन आणि तिरी असे बचावपटू आणले आणि पुढे रॉय कृष्णावर भिस्त ठेवली. २० सामन्यांत फक्त १५ गोल खाल्ले. मुंबईने ३५ केले, १८ खाल्ले. दोघांचे गुण सारखे, ४०. दोन्ही साखळी सामने मुंबईने जिंकले होते म्हणून शील्ड मुंबईला. तेव्हा लोबेरांची पद्धत श्रेष्ठ आणि हबास यांची कनिष्ठ, असा निष्कर्ष यातून काढू नये. हबास यांनीही आपल्या खेळाला लागणारेच खेळाडू घेतले होते.

जिथे शिवण उसवली

पहिल्याच सामन्यात नॉर्थईस्टविरुद्ध जाहूला मध्यंतराच्या आधी लाल कार्ड मिळालं. मुंबई ०-१ हरली. एका माणसावरून सगळा खेळ नेला की तो माणूस बाहेर गेल्यावर काय होतं, याचा नमुना पहिल्याच दिवशी मिळाला. त्यानंतर संघ १२ सामने हरला नाही, म्हणून तो विसरला गेला, एवढंच.

अंतिम सामना, १३ मार्च २०२१, फातोर्डा. १८ व्या मिनिटाला जाहू आपल्याच गोलसमोर चेंडू घेऊन रेंगाळला, रॉय कृष्णाने हिसकावला आणि डेव्हिड विल्यम्सने गोल केला. अकरा मिनिटांनी जाहूनेच मागून लांब पास टाकला, तो अडवताना तिरीच्या डोक्याला लागून चेंडू आपल्याच जाळ्यात गेला. बरोबरी. ९० व्या मिनिटाला बिपिनने विजयी गोल केला. पहिला गोल खाल्ला तो पद्धतीमुळे, दुसरा मिळाला तोही पद्धतीमुळे. मधल्या वेळात लोबेरांनी "आता लांब मारा" असं सांगितलं नाही.

कोच गेल्यावर

प्रकरणाचा हा भाग आमच्या समितीला सर्वांत उपयोगी पडला. ऑक्टोबर २०२१ मध्ये, हंगाम तोंडावर असताना, लोबेरा सिटी ग्रुपच्याच चीनमधल्या क्लबकडे गेले. बूमूस आणि अमरिंदर त्याआधीच मोहन बागानला गेले होते. ओगबेचे हैदराबादला गेला आणि तिथे १८ गोल करून त्या हंगामाचा सर्वाधिक गोल करणारा ठरला, संघाने चषकही जिंकला. त्याच सुमारास मैदानातल्या परदेशींची मर्यादा पाचवरून चारवर आली. लोबेरांचा पाच जणांचा हिशेब मोडला. बंगळुरूहून राहुल भेके घेतला होता तो बरा झाला. सेंटर-बॅकची एक जागा भारतीयाकडे देता आली.

नवे कोच डेस बकिंगहॅम, तेही ग्रुपच्याच मेलबर्न सिटीतून आलेले. पहिल्या वर्षी मुंबई पाचवी. दुसऱ्याच्या हाताने भरलेला संघ चालवायला घेतला की हे होतंच. पुढच्या उन्हाळ्यात त्यांनी आपले खेळाडू आणले: ग्रेग स्ट्युअर्ट, होर्हे पेरेरा दियाझ, अल्बर्तो नोगेरा. जाहू आणि फॉल मात्र ठेवले. २०२२-२३ मध्ये २० सामन्यांत ५४ गोल, ४६ गुण, पुन्हा शील्ड.

जाहू-फॉल टिकले, कारण नवा कोचही चेंडू खालून खेळवणाराच आणला गेला. शैली क्लबने आधी ठरवली होती, त्यामुळे एका कोचची माणसं दुसऱ्याच्या अंगावर पडली नाहीत. जिथे क्लबला स्वतःची शैलीच नसते, तिथे दर दोन वर्षांनी नवा कोच आणि त्याच्या मागे निरुपयोगी झालेले चार खेळाडू, हे चक्र चालतं. २०२३ ला लोबेरा ओडिशाला आले आणि पुन्हा जाहू, फॉल, गोडार्ड यांना घेतलं. सवय म्हणा किंवा खात्री.

आम्ही काय केलं

आमच्या सरांच्या कागदावर होते: एक मधला खेळाडू (ऐरोलीचा, तिशीच्या आसपास, पळायला मध्यम), पायाने खेळणारा गोलकीपर, एक सेंटर-बॅक आणि एक लेफ्ट-बॅक. लोबेरांच्या यादीशेजारी ठेवल्यावर खजिनदार काकाही थोडे गप्प झाले. नावं ओळखीची असली तरी जागा कण्याच्या होत्या. तीन विंगर किंवा दोन स्ट्रायकर मागितले असते तर मी स्वतः विरोध केला असता.

एक अडचण मात्र लोबेरांना नव्हती ती आम्हाला आहे. त्यांचे सामने फातोर्डा, बांबोळी, वास्को अशा राखलेल्या गवतावर झाले. आमचे निम्मे सामने मुरमाच्या मैदानावर, आणि पावसाळ्यात नेरूळच्या मैदानात गोलकीपरने जवळच्याला पास दिला तर चेंडू मधेच चिखलात थांबतो. टर्फवर (कृत्रिम गवतावर) सराव करून मुरमावर खेळणाऱ्या संघाला खालून खेळ उभारायला सांगणं म्हणजे विषाची परीक्षा. हे मांडल्यावर सरांनी यादीतला सेंटर-बॅक बदलला. पास बरा असलेल्या मुलाऐवजी उंच आणि हवेत जिंकणारा मुलगा घेतला, आणि चिखलाच्या दिवशी थेट लांब खेळायचं ठरलं. पद्धत बदलली की खरेदी बदलते, हे खरंच. पण आमच्याकडे पद्धत आधी मैदान ठरवतं.

दुसरा प्रश्न आमच्या सचिव ताईंनी विचारला: "सर, तुम्ही पुढच्या वर्षी दुसरीकडे गेलात तर या मुलांचं काय?" सरांनी प्रामाणिकपणे सांगितलं की दोन हंगामांचा शब्द देतो, त्यापुढचा नाही. मग ठरलं ते असं. जुन्या संघातली दोनच मुलं घ्यायची, मधला खेळाडू आणि गोलकीपर. लेफ्ट-बॅक आपल्याच अठरा वर्षांखालच्या संघातल्या विंगरमधून तयार करायचा. सर त्यावर उलट खूश झाले. आणि यापुढे कोच कोणीही असो, मुलाखतीत आधी विचारायचं की चेंडू मागून खेळवणार की नाही.

स्ट्रायकरसाठी काकांनी बाजूला काढलेले पैसे अजून तसेच आहेत. पहिल्या पाच सामन्यांत आपल्या जुन्या स्ट्रायकरला गोलसमोरच्या पेटीत किती चेंडू मिळतात, ते मोजायला एक मुलगा वही घेऊन बसणार आहे. आकडा हाती आला की त्या पैशांचं ठरेल.